दहापैकी दहा

फौजदारी न्यायव्यवस्थेची पदवी घेणारा एक विद्यार्थी प्रकल्पासाठी तुरुंगात गेला. समोर एक कच्चा कैदी येऊन बसला. आरोप सायकलचोरीचा, खटला अजून सुरू व्हायचा होता.

"कितव्या वर्षाला, बाळा?" कैद्यानेच आधी विचारलं.

"तिसऱ्या. आणि काका, तुम्ही?"

"चौदाव्या."

विद्यार्थ्याचं पेन थांबलं. सायकलचोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, हे त्याला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी तो तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेला.

"सर, त्यांच्या सुटकेचा अर्ज लिहून आणलाय. कायदा मदत केंद्राचे प्रमुख म्हणून तुमची सही झाली, की आजच कोर्टात देतो."

सरांनी चष्मा लावून अर्ज वाचला. एक वेलांटी दुरुस्त केली. "फर्स्ट क्लास मसुदा! दहापैकी दहा."

"आणि सही, सर?"

"अरे, तो सुटला तर पुढच्या बॅचला प्रात्यक्षिक काय देऊ, माझं कपाळ?" असं म्हणत सरांनी ड्रॉवर उघडला, आणि त्याच कैद्यासाठी आधीच्या बॅचेसनी लिहिलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यावर हाही नीट रचून ठेवला.