क्रुसाच्या सणाचा दुसरा दिवस

१८ एप्रिल. मकाऊ.

पोर्तुगीज पाद्र्याने मटणाची थाळी लोपेच्या पुढ्यातून ओढून घेतली.

"उपासाच्या शुक्रवारी मटण? आणि म्हणे स्पेनच्या राजाचा शिपाई!"

"आज गुरुवार आहे, फादर."

"शुक्रवार! हवं तर सगळ्या मकाऊला विचार."

लोपे हसत सुटला. मनिलाच्या लुसॉन बेटावरच्या डोंगरांत सात महिने वाटा शोधल्या, उत्तरेचा किनारा नकाशावर चढवला, परतताना वादळाने होडी इथे आणून आदळली. एवढ्या धबडग्यात एखादा दिवस निसटला असणार. त्याने कमरेच्या दिवस मोजायच्या दोरीला एक जादा गाठ मारली आणि मुकाट्याने मासे खाल्ले.

तरी पंधरा दिवस हातात होते. तीन मे, क्रुसाचा सण. त्या दिवशी मावळतीच्या आत मनिलाच्या देवळात उभा राहिला तर ब्रिहिदा त्याची. नाहीतर जकातीच्या कचेरीतल्या कारकुनाची. तिचा बाप तोर्क्वातो तोफखान्यातला म्हातारा गोलंदाज, शब्दाला पक्का.

३ मे. समुद्र.

वारा पडला होता. चिनी गलबत जागचं हलत नव्हतं.

"लिम, आज पोचायलाच हवं रे! सण आहे माझा!"

"तुमचे सण तुम्हाला ठाऊक," तांडेल लिम म्हणाला. "मी चंद्र बघून चालतो. उद्या पोचू."

सूर्य बुडाला. लोपेने गाठ मारली. मग वस्तरा काढून दाढी करू लागला.

"आता कुणासाठी?" लिमने विचारलं.

"तिच्या लग्नाला काय अस्वलासारखा जाऊ?"

डोंगरातल्या सगळ्यात देखण्या नदीला त्याने तिचं नाव दिलं होतं. ते नकाशावरून कोणता कारकून पुसणार होता? लोपे मोठ्याने गाऊ लागला. बेसूर. खलाशी त्याहून बेसूर साथ देऊ लागले.

४ मे. मनिला.

देवळाबाहेर क्रुसावर फुलांचा ढीग. गिटारी, फटाके, भाजल्या डुकराचा वास. दारात ब्रिहिदा, नव्या कपड्यांत, शेजारी विडा चघळणारा तोर्क्वातो.

लोपेने टोपी काढली. "अभिनंदन, बाईसाहेब."

"कशाचं?"

"लग्नाचं."

"अजून लागायचंय. नवरा आत्ता उगवतोय."

लोपेने मागे पाहिलं. नवी टोपी घालून कारकून येत होता. लोपे अदबीने बाजूला झाला.

"अरे गाढवा, सरकतोस कुठे?" तोर्क्वातो ओरडला.

"काका, शब्द म्हणजे शब्द. मला उशीर झाला."

"झालाच! सकाळपासून पोरगी उभी आहे. मी चार विडे संपवले. चल आत!"

"पण हे..." लोपेने कारकुनाकडे बोट दाखवलं.

"मी जेवायला आलोय," कारकून पडेल आवाजात म्हणाला. "मावळतीपर्यंत थांबणारही होतो."

ब्रिहिदाने लोपेचा हात धरून त्याला आत ओढलं. पाद्रीबुवा वही उघडून, लेखणी बुडवून तयारच होते. लिहिता लिहिता ते मोठ्याने बोलले, "मे महिना, तारीख तीन."

"चार, फादर," लोपे पुटपुटला. "खोटं नको. मकाऊत विचारून मोजलंय, आज चार आहे."

तोर्क्वातोने त्याच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"मकाऊत चार, जावईबापू! पोर्तुगीज पूर्वेकडे जात इथवर आले, आपण पश्चिमेकडे जात, म्हणून आपण एक दिवस मागे. मनिलात आज तीनच."