रेघेच्या जागी शून्य

ते शून्य तुम्ही लिहिलंत, साहेब. पक्षी मोजणाऱ्या बाईने नव्हतं लिहिलं. तिने रेघ मारली होती. धुकं, काही दिसलं नाही, मोजणी नाही, म्हणून रेघ. तुमच्या कचेरीत त्या रेघेचं शून्य झालं. मोजणीच्या चाळीसपैकी अकरा दिवस डोंगराच्या या धारेवरून एकही गरुड, एकही बाज दक्षिणेकडे गेला नाही, असं तुम्ही कागदावर ठरवून टाकलंत.

तो कागद घेऊन वर आला तो तिचाच जावई. तुमच्या कचेरीतला कारकून. ऑफिसचे बूट घालून डोंगर चढला, धुक्यात दोनदा वाट चुकला आणि तिच्या बसायच्या दगडापाशी येऊन मटकन बसला.

"या जावईबापू. न कळवता आलात, सासूची फजिती केलीत," म्हणत तिने थर्मासमधला चहा पुढे केला.

"आई, सही हवी. मोजणाऱ्याच्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नाही."

तिने चष्मा चढवून तक्ता वाचला. "रोजची सरासरी एकशे चाळीस? माझी एकशे त्र्याण्णव येते."

"दीडशेच्या खाली आली की इथे पवनचक्क्या उभारायला मोकळीक. चौदा ठरल्यात. याच धारेवर."

"आणि माझ्या रेघा?"

"रेघ कॉम्प्युटर घेत नाही म्हणाले."

"घेत नाही?" बाईचा पारा चढला. "पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते मी. गाडी बंद पडली त्या दिवशी 'प्रवासी शून्य' नाही लिहिलं, 'गाडी बंद' लिहिलं. माणसं स्टँडवर ताटकळतच होती की!"

जावई काडीने बुटाचा चिखल काढत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "सही नाही नेली तर लांबची बदली आहे, आई. तुमच्या लेकीला सातवा लागलाय. बदलीचं तुम्हाला सांगू नका म्हणून तिने बजावलं होतं."

बाईने पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ऊन पडलं. धुकं दरीत उतरत गेलं आणि खालच्या झाडीत दोन दिवस पंख मिटून बसलेले पक्षी उठायला लागले. आधी दोन, मग वीस, मग मोजदाद सुटेल इतके. तिने पेन जावयाच्या मांडीवर टाकलं आणि दोन्ही हातांत एकेक काउंटर धरला. डावा गरुडांचा, उजवा बाकीच्यांचा. घिरट्या घालत वर चढणारा मोजायचा नाही. समोरचा सुळका ओलांडला की बटण दाबायचं, नाहीतर एकच गरुड चारदा मोजला जातो.

जावयाने घड्याळ पाहिलं. मग मान वर केली, ती खाली येईना. अर्ध्या तासाने तोच ओरडला, "आई, डावीकडे! ते बाज राहिले!"

"गप बसा. घेतलेत."

दुपारी ओघ ओसरला. तिने बेरीज केली. सहाशे बारा. मग तुमचा अहवाल मांडीवर घेतला आणि सहीच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: "काल आणि परवा इथे पक्षी शून्य होते, तर आजचे सहाशे बारा कुठून आले? लेखी खुलासा मिळाल्यावर सही करीन."

जावयाने ते दोनदा वाचलं. "माझं वाटोळं केलंत, आई."

"केलं खरं," ती म्हणाली.

त्याने एकदा सुळक्याकडे पाहिलं. मग त्याने पेन उचललं, तिच्या ओळीखाली "मी समक्ष पाहिले" असं लिहिलं आणि हुद्द्यासकट स्वतःची सही ठोकली.

त्याच्या बदलीचा हुकूम तुम्ही दुसऱ्याच दिवशी काढलात. म्हणजे कागद वाचलात. मग खुलासा कुठे आहे, साहेब?