शेवटची दोन गाणी

"काका, काय लावू?" भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं. "आमच्याकडे पेशंटच्या आवडीचं लावतात. एखादा आवडता अल्बम सांगा."

दाजी उताणे पडले होते. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांना बांधलेले, छातीपुढे हिरवा पडदा. पडद्यापलीकडे त्यांचा उजवा गुडघा होता आणि तो आज बदलायचा होता. कमरेत सुई दिल्यापासून खालचं अंग कुणा दुसऱ्याचं झालं होतं. वरचं मात्र नुसतं वळवळत होतं.

आवडता अल्बम! हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून दाजींनी उभा जन्म वाट पाहिली होती. कुणी विचारत नसे, म्हणून ते आपणहून सांगत. सासुरवाडी, शेजारी, दूधवाला, त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. बरं, सुचवून गप्प बसतील तर शपथ. आठ दिवसांनी परीक्षा. "तिसऱ्या गाण्यातलं व्हायोलिन पकडलंस का?" लोक त्यांना लांबून पाहून रस्ता बदलत.

आज नाव ओठांवर आलं आणि दाजी घाबरले. तो अल्बम इथे लावला, तर पुढे कायम त्यात हाड कापणारी करवत ऐकू येणार. तोच नासला तर आपल्याकडे उरलं काय?

नासला तरी चालेल असं काहीतरी हवं होतं. त्यांना मेहुण्याचा अल्बम आठवला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फ्रिज दुरुस्त करायचा. गाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की दाजींची व्याख्यानं तो मान डोलावत ऐकून घ्यायचा. तोच एकदा मुद्दाम घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, हा एक अल्बम ऐकाल? मला त्यातलं काही कळत नाही, पण... तुम्ही ऐकाच." दाजींनी ऐकला नाही. हा काय सुचवणार! पुढच्या भेटीत मात्र ठोकून दिलं, "ऐकला. छान आहे." मेहुण्याचा चेहरा उजळला, तो काही विचारणार होता; पण तोवर दाजींनी आपल्याच आवडीच्या नव्या अल्बमचा विषय काढला होता. त्यानंतर मेहुण्याने कधी काही सुचवलं नाही.

दाजींनी बाईंना नाव सांगितलं.

एका माणसाचा आवाज, सोबत एकच वाद्य. साधंच तर आहे, दाजी मनात म्हणाले. एरवी अर्ध्या मिनिटात त्यांनी पुढचं गाणं लावलं असतं. पण हात बांधलेले. पडद्यामागे करवत सुरू झाली, टेबल थरथरलं. दाजींनी मान इकडे केली, तिकडे केली. समोर भिंतीवर घड्याळ असावं, पण चष्मा बाहेर मेहुण्याकडे. बोटांनी फळी बडवून झाली. ओठ चावून झाले. पळायला जागाच नव्हती, म्हणून ते गाण्यात शिरले.

चौथ्या गाण्यात गाणारा ओळीच्या मध्येच थांबला. इतका वेळ थांबला, की स्पीकर बिघडला असं वाटावं. दाजींनी श्वास रोखला. आणि नेमकी तेव्हाच पलीकडे हातोडी पडली. ठक्. ठक्.

"अहो, जरा थांबता का!" दाजी ओरडले.

हातोडी थांबली. पडद्यावरून सर्जनचे डोळे वर आले. "दुखतंय?"

"दुखत नाही हो. ऐकतोय."

कुणीतरी मास्कमध्ये हसलं. गाणाऱ्याने ओळ पुरी केली. दाजींच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. हे घेऊन तो माणूस आपल्या दारात उभा होता, आणि आपण त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं. दाजींना स्वतःची लाज वाटली. त्याला हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांचा तोरा एका वाक्यात मातीत घालायचा. ते जमेल की नाही, याची त्यांना खात्री वाटेना.

सातवं गाणं संपलं आणि बाईंनी स्पीकर बंद केला. "झालं काका! मस्त बसलाय गुडघा."

"अजून दोन राहिलीत."

"काय?"

"गाणी."

"पुढचा पेशंट थांबलाय, काका."

ट्रॉली बाहेर आली. मेहुणा पुढे झाला, रुमालात जपून धरलेला चष्मा त्याने दाजींच्या डोळ्यांवर चढवला. "ताई वर खोलीत आहे. कसं वाटतंय, दाजी?"

दाजी छताकडे बघत राहिले. "तुझ्या त्या अल्बममधली शेवटची दोन गाणी कशी आहेत रे?"

"कशी म्हणजे? तुम्ही तर ऐकला..." मेहुणा अडखळला.

"नव्हता ऐकला. थाप मारली होती. आज आत ऐकला, तीही सातच गाणी."

मेहुण्याच्या चपलांचा आवाज थांबला. ट्रॉली पुढे जात राहिली. दाजींना मागे वळून बघता येईना. छतावरचे दिवे एकामागून एक सरकत होते. करवतीखालीसुद्धा ते एवढे कासावीस झाले नव्हते.

मग मागून चपला वाजल्या, जवळ आल्या. ट्रॉलीच्या कठड्यावर हात पडला. मेहुणा खाकरला आणि खालच्या आवाजात आठवं गाणं म्हणू लागला. सूर कुठल्या कुठे, ताल त्याहून लांब. ट्रॉली ढकलणाऱ्याने हसू दाबलं. दाजींनी डोळे मिटून घेतले.

लिफ्टचं दार उघडलं. आत चार-पाच माणसं उभी होती. मेहुणा ओशाळून गप्प झाला.

"थांबलास का?" दाजी म्हणाले. "म्हण की. याच्यानंतरचंही राहिलंय."