तोंड एकदाच हलतं

“याला मिठी मारू? न्हाय बाबा. घरी बायको हाय, तेवढी टोचणी बास झाली.”

श्रीमंतनं हे वाक्य माइकसमोर तिसऱ्यांदा म्हटलं आणि पंच्यानं मान पुसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टोपीवाला शेरीफ निवडुंगापुढं कमरेवर हात ठेवून उभा होता. खेळ जुना, पोरीच्या जन्माआधीचा, अमेरिकेतल्या कुठल्याशा धुळकट गावातला. त्यात बंदूक फारशी चालतच नाही. माउसनं ज्या वस्तूवर टिचकी मारावी, तिच्याबद्दल शेरीफ काहीतरी तिरकं बोलतो, एवढीच गंमत. श्रियानं तो सगळा मराठीत आणला होता आणि शेरीफला आवाज दिला होता आपल्या बापाचा.

“आवाज लई दमलेला येतोय का गं?”

“तसाच पाहिजे, अण्णा. दमलेलाच आहे तो. अख्ख्या गावाचं ऐकून ऐकून.”

दमलेलं वाटायला श्रीमंतला वेगळं काही करावं लागत नव्हतं. परंड्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून त्यानं नोकरीभर गाड्या पुकारल्या होत्या. कुर्डुवाडीची लागली आहे, बार्शीची अजून आलेली नाही, कधी येईल ते सांगता येत नाही. रिटायर झाला तरी पहिल्या गाडीच्या वेळेला अजून डोळा उघडायचाच. आज तर आवाज घुमू नये म्हणून खिडकीला वाकळा बांधलेल्या, पंखा बंद, आणि शिट्टी नको म्हणून कुकरही तसाच थंड पडलेला. त्याची बायको दैवशाला दोनदा दारात येऊन गेली होती. “शेरीफला म्हणावं, भूक लागली तर चिवडा खा,” असं दुसऱ्या खेपेला म्हणाली आणि गेली.

ज्या कंपनीनं श्रियाकडून हा खेळ मराठीत करून घेतला, तिनं तिला आता नोकरीवरच बोलावलं होतं. बंगळूरला, कायमचं. उद्यापर्यंत काय ते कळवायचं होतं. श्रीमंत महिनाभर ‘बघू’ म्हणत होता. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. एकुलती एक पोर. ती गेली की घरात दोन म्हातारे आणि टीव्ही. त्याला भीती वाटत होती, एवढंच खरं. अलीकडं श्रियानं विचारायचंही सोडलं होतं, आणि ते त्याला जास्त लागत होतं.

“आता शेवटचं,” श्रिया म्हणाली. “एकच शब्द आहे.”

पडद्यावर गावातली मास्तरीण पेटी घेऊन घोडागाडीत बसली होती. गाव सोडून चालली होती. ‘जाऊ ना?’ असं ती शेरीफला विचारते. तो टोपी काढतो आणि म्हणतो—

“जाऊन ये,” श्रीमंत म्हणाला.

“अण्णा, ‘जा’. नुसतं ‘जा’.”

“व्हय व्हय.” त्यानं घसा खाकरला. “जाऊन ये.”

“परत तेच! त्याचं तोंड एकदाच हलतं, बघा तुम्ही. उघडलं, मिटलं. एकच शब्द बसतो त्यात.”

पुढच्या खेपेला ‘जा’ आलं, पण ते दारातलं कुत्रं हाकलल्यासारखं. श्रियाला हसू फुटलं, त्यालाही आलं. त्यानंतर पुन्हा ‘जाऊन ये’.

“निघालेल्या माणसाला नुसतं ‘जा’ म्हणत असत्यात का?” श्रीमंत वैतागला. “शेजारी ताक मागायला गेलेली बाई सुदिक निघताना ‘येते’ म्हणती.”

“आणि स्टँडवर तुम्ही रोज एवढ्या माणसांना घालवत होता ते?”

“तिथं म्या गाड्या सोडल्या. माणसं न्हाईत.”

श्रिया पडद्याकडंच बघत राहिली. “पण ही परत येणार नाही, अण्णा. गोष्टच तशी आहे. मग तिला उगाच ‘ये’ म्हणून कसं चालंल?”

श्रीमंतनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मास्तरीण पेटीवर हात ठेवून बसली होती. उत्तर मिळाल्याशिवाय तिची गाडी हलणार नव्हती. घोडा तेवढा शेपटी उडवत होता, तीच तीच, पुन्हा पुन्हा. श्रिया बापाकडं बघत नव्हती आणि तो तिच्याकडं. बघितलं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं.

“माझ्याच्यानं न्हाय व्हायचं ते,” तो शेवटी म्हणाला. “त्या बाबालाच तोंड दोनदा हलवायला लाव.”

श्रियानं माइक बंद केला. त्याचं ‘जाऊन ये’ उचलून चित्राला जोडलं आणि चालवून दाखवलं. शेरीफचं तोंड मिटलं तरी श्रीमंतचा आवाज थोडा मागं रेंगाळला. मग गाडी हलली, धूळ उडाली आणि पडदा काळा झाला.

“पुढं?”

“पुढं काही नाही. संपला खेळ.”

“आन् त्यो? तिथंच हुबा?”

“तिथंच.”

“गाडीसंगं थोडं तरी चालायचं की.” श्रीमंत उठला आणि खिडकीची एक वाकळ सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती. श्रियाकडं पाठ ठेवूनच त्यानं विचारलं, “बंगळूरची रेल्वे कुर्डुवाडीवरनंच हाय न्हवं?”

श्रियाची खुर्ची वाजली. “हो.”

“मग कुर्डुवाडीपतोर मी येतो. सामान लई हुईल तुझं. तिथनं पुढं तू जा.”

माइक बंद होता. दोघांपैकी कुणीच तो चालू केला नाही.