एजंट हडळ

लेखिकाबाईंनी भुताचा सिनेमा आणि हेरांचा सिनेमा एकाच मिक्सरमधून फिरवून 'एजंट हडळ' लिहिला होता. त्यातला सगळ्यात मोठा हशा एकाच जागी पिकायचा. रिकाम्या घरात ठकठक होते, पण नायिका बाकीच्या सिनेमांतल्या वेड्यांसारखी "कोण आहे?" म्हणत बघायला जात नाही. ती सरळ खोलीला आतून कडी घालते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

आज संध्याकाळी बाईंच्या स्वतःच्या घरात, आतल्या बाजूने, ठकठक झाली. ही तर बाबांची फिरायला जायची वेळ, म्हणजे घरात दुसरं कोणीच नाही. पुन्हा ठकठक, या वेळी जोरात. बाईंनी खोलीला कडी घातली, टीव्ही मोठा केला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. बऱ्याच वेळाने ठकठक थांबली, तेव्हा तर त्यांना दरदरून घाम फुटला. शेवटी फोन करून शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी घरभर फिरून बंद बाथरूमचं दार फोडलं.



आत पाय मोडून पडलेले बाबा, ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात म्हणाले, "तुझ्या त्या सीनला थिएटरात सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो गं."