चाळीस सेकंद

"ह्यात एमपीथ्रीवाली सीडी चालंल का?" दादामियाँनी विचारलं.

शरणबसप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. धाराशिवच्या बाजारातलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता नावापुरतं उघडं असायचं. कपाटाच्या तळातून निघालेला तो सीडी प्लेअर बशीपेक्षा जरा मोठा होता. झाकणाची कडी सैल, सेलच्या कप्प्याला चिकटपट्टी.

"चालतंय की. पण मोबाइल असताना ह्ये कशाला?"

"मोबाइलमदी सीडी जात न्हाय."

"गाणी ऐकायची व्हय?"

दादामियाँ वायरचा गुंता सोडवू लागले. हेडफोनचा स्पंज झडत होता, बोटांना काळा भुगा लागत होता.

"भाईर आवाज जात न्हाय ना?"

"कानाला नीट बसवा. शेजारी बसलेल्यालाबी कळायचं न्हाय."

दादामियाँनी दोन पेन्सिल सेल घेतले आणि लोहाऱ्याची एसटी धरली.

सीडी वकिलांनी दिली होती. तिच्यावर एकच गोष्ट होती, चाळीस सेकंदांचा फोन. मार्चमध्ये तो त्यांच्या मुलीच्या, शाहिस्ताच्या, होणाऱ्या सासऱ्यांना आला होता. पोरीला फिट येतात, घरच्यांनी लपवून ठेवलंय, असं कुणीतरी सांगितलं होतं. सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये ते आपोआप रेकॉर्ड झालं. चौथ्या दिवशी त्यांनी लग्न मोडलं. त्यानंतर दादामियाँ दोन दिवस जेवले नव्हते.

शाहिस्ता गप्प बसणारी नव्हती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आई जाऊन सात वर्षं झाली होती आणि घरात ती आणि अब्बा दोघंच. शिवणकामानं अब्बांची नजर अधू झालेली, त्यांच्या डोळ्यांत औषध घालण्यापासून सगळं तीच बघायची. आधीची दोन स्थळं अब्बांना पटली नव्हती. पुण्याचं हे स्थळ तिनं स्वतः पसंत केलं होतं, बदलीचा अर्जसुद्धा दिला होता. लग्न मोडल्यावर तिनं बदनामीची फिर्याद केली.

फोनचा नंबर निघाला अजहरच्या दुकानाचा. अजहर तिचा आतेभाऊ, मोबाइल दुरुस्त करायचा. त्याच्यासाठी आत्यानं शाहिस्ताला मागणी घातली होती आणि दादामियाँनी नाही म्हटलं होतं. मग आणखी काय पुरावा हवा, असं सगळा मोहल्ला म्हणत होता.

वकील विरुपाक्ष तेवढ्यावर थांबले नाहीत. "आवाज त्याचाच आहे, असं घरच्या माणसानं सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "इथंच लावू का?"

"नको," दादामियाँ घाईनं म्हणाले. "भाईर मानसं बसल्यात. म्या घरी ऐकतो."

शाहिस्ताला ते ऐकायचंच नव्हतं. "अब्बा, तुम्ही ऐका आणि मला फक्त नाव सांगा. ती घाण मी कानात घालणार नाही."

चार दिवस दादामियाँ कानाला हेडफोन लावून बसले. चाळीस सेकंद संपले की पुन्हा तेच बटण. प्लेअर जरा हलला तरी आवाज अडखळायचा, म्हणून ते मांडी न हलवता बसायचे.

"अजहरच ना?" शाहिस्ता शाळेतून आल्या आल्या विचारायची.

"अजून नीट कळंना."

तिसऱ्या दिवशी सायराबी आल्या. दादामियाँची धाकटी बहीण, अजहरची आई. त्या रडतच आत आल्या.

"भाईजान, त्याच्या दुकानात कुणी पाऊल टाकंना. पोरगं जेवंना. तुमी त्याला खांद्यावर घेऊन उरूस दाखवलाय."

दादामियाँनी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. "तूच ऐक. वळखू येतो का बघ."

सायराबी डोळे मिटून ऐकू लागल्या. दादामियाँ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तोंडावर कापड धरून बोलल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. "पन माझा अजहर न्हाय ह्यो. अल्लाकसम."

"मग कोन?"

"कळंना. कुनीतरी वयानं मोठा मानूस वाटतो. परत लावा बरं."

"सेल उतरलेत," म्हणत दादामियाँनी प्लेअर बंद केला.

जाताना सायराबींनी भावाचे हात धरले. "तुमी न्हाय म्हनलात तर न्हाय. तुमच्या शब्दावर माझं पोरगं सुटतंय."

दुसऱ्या दिवशी दादामियाँ जेवत असताना अजहर आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"मामू, फोन काउंटरवर पडलेला असतो. ज्याला लागंल त्याला देतो. मी च्या आनाया गेलो तरी तिथंच असतो. आता कुनाकुनाचं नाव घेऊ?"

"बस आत."

"शाहिस्ता माझ्याकडं बगत पन न्हाय, मामू. कोर्ट काय करायचं ते करू दे. त्याचं मला काय न्हाय."

तो गेला. दादामियाँचा घास हातातच राहिला.

सोमवारी तारखेआधी सगळे वकिलांच्या खोलीत जमले. शाहिस्ता खुर्चीत ताठ बसली होती. सायराबी भिंतीला टेकून तस्बीहचे मणी ओढत होत्या. अजहर दाराशी उभा होता, दाढी वाढलेली, नजर खाली.

विरुपाक्षांनी कागद पुढं ओढला. "मियाँसाहेब, तुम्ही कोर्टात शपथेवर बोलणार आहात. एकदा बोललात की मागं घेता येणार नाही. सीडी नीट ऐकली?"

"ऐकली."

"आवाज ओळखला?"

दादामियाँनी शाहिस्ताकडं पाहिलं. "वळखला."

"शंका नाही?"

"न्हाय."

शाहिस्ता पुढं सरकली. सायराबींची बोटं थांबली.

"सांगा मग," वकिलांनी पेन उघडलं. "आवाज कुणाचा आहे?"

दादामियाँ उठून उभे राहिले.

"माझा."