बॉलमधली हवा

सर शहाळी घेऊन आले, तेव्हाच मला कळलं की ते बॉल न्यायला आलेत. आमच्या बास्केटबॉल क्लबमध्ये सरावाचा बॉल कॅप्टनच्या घरी राहतो आणि सकाळी तीच तो मैदानावर आणते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो पलंगाखाली पडून होता.

राष्ट्रीय शिबिराला माझ्या जागी कोण चाललंय, हे सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. "मुली वर्षभरात पुन्हा खेळायला लागतात," ते माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले. मला पुन्हा उड्या मारता येणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं.

चहा संपला तरी ते उठेनात. शेवटी मीच म्हणाले, "सर, बॉल पलंगाखाली आहे."

"हो का? नेतो मग. पडून पडून हवा गेली असेल, भरून आणतो."

त्यांनी वाकून बॉल काढला आणि सवयीनं फरशीवर आपटला. तो थेट कमरेपर्यंत उसळला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

"हिचे बाबा भरतात," आई कपबशा उचलत म्हणाली. "रोज सकाळी, ही झोपेत असताना. पंप दारामागे ठेवतात."

सर बॉल हातात घेऊन नुसते उभे राहिले. परत ठेवावा की न्यावा, हे त्यांना कळेना. माझ्यात आता कुणाचीच समजूत काढायची ताकद नव्हती.

"सर," मी म्हणाले, "जाताना पंपही न्या."